समुद्रातली जमीन, कागदावरचा भाव

मंडळी, एक कंपनी डोळ्यांसमोर आणा. कंपनी जमिनीची, पण जमीन अजून तयार व्हायची आहे, कारण सध्या तिथे समुद्र आहे. भरतीला कंपनीची सगळी मालमत्ता पाण्याखाली आणि ओहोटीला नुसता चिखल. या कंपनीच्या शेअरवर ५,००० रुपये भरलेले आहेत आणि बाजारात त्याचा भाव ५०,००० च्या घरात गेलाय. साल १८६४-६५. म्हणजे महिना वीस-पंचवीस रुपयांत कारकुनाचा संसार चालायचा तो काळ! आणि हा शेअर घ्यायला मुंबईत रांग लागलीय. रांगेत पारशी शेठ आहेत, भाटिया व्यापारी आहेत, गोरे साहेब आहेत, डॉक्टर-वकील आहेत.

कंपनीचं नाव बॅक बे रेक्लमेशन कंपनी. आज जिथे आपण चर्चगेट लोकल पकडतो, मरीन ड्राइव्हवर कणीस खातो, तिथली ही गोष्ट. शेअरबाजाराचा इतिहास म्हटलं की लोक थेट १९९२ च्या हर्षद मेहतापासून सुरुवात करतात. मला विचाराल तर त्याच्या सव्वाशे वर्षं आधीचा हा किस्सा जास्त भारी आहे, कारण यात जमीन आहे. आणि जमीन म्हटलं की आम्हा भिवंडीकरांचे कान टवकारतात :-)

सुरुवात कापसापासून. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. मँचेस्टर-लँकेशायरच्या गिरण्या तोवर मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिणेकडल्या कापसावर चालत. उत्तरेने दक्षिणेची बंदरं रोखून धरली आणि गिरण्यांचा घास अडला. मग इंग्लंडला आठवला हिंदुस्थानचा कापूस. एरवी आखूड धाग्याचा, कचरा फार, म्हणून नाकं मुरडायचे, पण आता मिळेल तो, मिळेल त्या भावाने. भाव काही पटींनी चढले. लोकांनी घरातल्या गाद्या-उशा उसवून कापूस विकला असं सांगतात. त्या चार-पाच वर्षांत मुंबईत नेहमीच्या व्यापारापेक्षा सात-आठ कोटी पौंडांची जादा कमाई आली, असा अंदाज जुन्या इतिहासकारांनी मांडलाय.

इथे भिवंडीची आठवण काढायलाच हवी. १८५७ नंतर उत्तरेकडचे मोमीन विणकर मालेगावात आले, भिवंडीत आले, आणि हातमाग लावून बसले. आमच्या गावाचा पुढचा सगळा धंदा या लोकांनी उभा केला. आता विचार करा, कापसाचा भाव तिप्पट-चौपट झाला की कुलाब्याच्या कॉटन ग्रीनवर सोनं बरसतं, पण ज्याला सूत विकत घेऊन कापड विणायचंय त्याच्या घरात काय होतं? सूत महाग, कापड घेणारा गरीब, तो जुनंच नेसतो. हिंदुस्थानभरच्या विणकरांना या 'सुवर्णकाळा'ने पिळून काढलं. इतिहासात याला मुंबईची भरभराट म्हणतात. माग चालवणाऱ्याने लिहिला असता तर शब्द वेगळा आला असता. असो.

तर मुंबईत पैसा आला. पण तो ठेवायचा कुठे? गिरण्या तेव्हा मोजक्याच, पहिली ताडदेवची, १८५४ साली काढलेली. सोनं-चांदी झाली, घरं झाली. मग निघाल्या कंपन्या. नुसत्या निघाल्या नाहीत, पावसाळ्यात अळंबी उगवावीत तशा उगवल्या. १८६५ च्या सुरुवातीची मोजदाद बघा: ३१ बँका, १६ फायनान्शियल असोसिएशन, ८ लँड कंपन्या, कापूस दाबायच्या १६ प्रेस कंपन्या, १० जहाज कंपन्या, २० विमा कंपन्या, आणि ६२ जॉइंट स्टॉक कंपन्या. दहा वर्षांपूर्वी या शेवटच्या प्रकारातली एकही नव्हती!

त्यात लँड कंपन्या सगळ्यांच्या लाडक्या. एल्फिन्स्टन, माझगाव, कुलाबा, फ्रिअर... आणि सगळ्यांची महाराणी बॅक बे. कारणही पटण्यासारखं होतं बरं का. मुंबई बेट चिंचोळं, माणसं वाढत चाललेली, गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर किल्ल्याचा तट पाडून शहर मोकळं करत होता. जमिनीला तोटा येणार हे लहान पोराला कळत होतं. शिवाय बीबीसीआय रेल्वेला कुलाब्याकडे जायला किनाऱ्यालगत पट्टा हवा होता. कंपनीने भराव घालायचा, रेल्वेला पट्टा द्यायचा, उरलेली जमीन प्लॉट पाडून विकायची. कागदावर योजना एकदम चोख. आजही एखाद्या बिल्डरच्या प्रेझेंटेशनमध्ये खपून जाईल.

आणि मग आला तो प्रसंग ज्याने भाव पेटला. मुंबई सरकारने या कंपनीचे ४०० शेअर स्वतः घ्यायचं ठरवलं होतं. वरून नकार आला: सरकारने असल्या धंद्यात पडू नये. मग हे ४०० शेअर लिलावात काढले गेले आणि भरलेल्या ५,००० वर प्रत्येकी २५ हजारांहून जास्त प्रीमियम मिळाला. करा गुणाकार. एक कोटीच्या वर! भराव बाजूलाच राहिला, आणि केवळ कागद विकून एवढी रक्कम. शहराने यातून एकच अर्थ काढला, ज्या शेअरला सरकारसुद्धा हात घालणार होतं तो बुडेल कसा? नकाराचं पत्र लिहिणाऱ्याचा हेतू बरोबर उलटा होता.

या सगळ्याच्या मधोमध होता एक माणूस, प्रेमचंद रायचंद. जन्म १८३१, मूळ सुरतचा, एल्फिन्स्टनमध्ये शिकलेला, इंग्रजी उत्तम जाणणारा दलाल. लिव्हरपूलचे भाव इतरांच्या आधी कळावेत म्हणून बंदरात शिरणाऱ्या आगबोटींना गाठायला तो आधीच होड्या पाठवायचा असं सांगतात. (आजच्या हाय-फ्रिक्वेन्सी ट्रेडिंगवाल्यांनी याचा फोटो लावायला हरकत नाही.) नव्या कंपनीचे शेअर कुणाला किती द्यायचे हे त्याच्या शब्दावर ठरायचं, आणि 'ॲलॉटमेंट' हा मुंबईतला सर्वात गोड शब्द झाला होता. ज्याला ॲलॉटमेंट मिळाली त्याने दुसऱ्या दिवशी प्रीमियमवर शेअर विकून टाकायचा. कंपनी पुढे काय करणार आहे हे कुणी कशाला विचारेल?

आता मला आवडणारा भाग, यंत्रणा. माझ्या धंद्यात सिस्टिम का पडली हे शोधायचं असेल तर आधी ती चालत कशी होती ते समजून घ्यावं लागतं. तर १८६४ ची सिस्टिम अशी.

शेअरची पूर्ण रक्कम एकदम भरायची नसे. थोडी आता, बाकी कंपनी मागेल तेव्हा. म्हणजे शेअर घेणारा मालक तर होतोच, पण उरलेल्या रकमेचा देणेकरीही होतो. भाव चढत असताना हे कुणाला आठवत नाही. त्यावर दुसरा मजला म्हणजे वायद्याचे सौदे, ज्यांना तेव्हा 'टाइम बार्गेन' म्हणत. समजा जानेवारीत मी तुमच्याकडून एक शेअर ३०,००० ला घेतला, पैसे आणि शेअर दोन्ही १ जुलैला. आत्ता खिशातून जवळजवळ काहीच जात नाही. फेब्रुवारीत मी तोच सौदा तिसऱ्याला ३५,००० ने विकला, त्याने चौथ्याला ४०,००० ने. शेअर एक, तो बघितलेला माणूस कदाचित एकही नाही, आणि त्याच्यावर लाखाच्या वरचे करार. प्रत्येकाच्या वहीत नफा. पण हा नफा शेवटच्या माणसाने १ जुलैला खरेच ४०,००० आणून ठेवले तरच आहे. तो नाही आला तर तिसरा अडकतो, मग मी, मग तुम्ही. आम्ही प्रोग्रामर याला डिपेन्डन्सीची साखळी म्हणतो, आणि तिचं एक टोक हवेत असलं की रात्री दोनला फोन वाजतो.

तिसरा मजला बँकेचा, आणि हा सगळ्यात धोकादायक. बँक ऑफ बॉम्बे ही १८४० ची अर्धसरकारी बँक. शेअर तारण ठेवून कर्ज द्यायला तिच्या जुन्या कायद्यात बंदी होती. १८६३ मध्ये नवा कायदा आला आणि त्यात ही बंदी सैल झाली. वेळ बघा कशी साधली! ऐन तेजीच्या तोंडावर ब्रेक काढून ठेवले. मग बँक शेअरवर कर्ज देऊ लागली, त्या कर्जाने लोक आणखी शेअर घेऊ लागले, त्याने भाव चढला, भाव चढला म्हणून तारणाची किंमत चढली, म्हणून आणखी कर्ज. प्रेमचंदची चिठ्ठी असली की पुरे, असं बँकेत चालायचं हे पुढे चौकशीत निघालं. खुद्द बँकेचा शेअर २,८५० पर्यंत चढला होता. नुसता मुंबईचाच चिखल विकला जात होता असंही नाही. तिकडे बंगालात मातला नदीवर पोर्ट कॅनिंग नावाचं बंदर व्हायचं होतं, त्या कंपनीचा हजाराचा शेअर मुंबईकरांनी दहा हजारांच्या पलीकडे नेला. घेणाऱ्यांपैकी किती जणांनी मातला नदी नकाशावर तरी शोधली असेल?

९ एप्रिल १८६५. व्हर्जिनियात ॲपोमॅटॉक्स इथे जनरल लीने शरणागती पत्करली. पुढच्या काही आठवड्यांत बातमी मुंबईत आली आणि कापूस कोसळला. त्याच्यामागून सगळं. गंमत म्हणजे १ जुलै ही तारीख सगळ्यांना आधीपासून माहीत होती, शेकडो सौदे त्याच दिवशी पुरे व्हायचे होते. मे-जून दोन महिने शहर त्या तारखेकडे बघत बसलं होतं. १ जुलै १८६५ उजाडला, आणि घेणारे-विकणारे दोघेही हात वर करून मोकळे झाले. वायद्याचे सौदे जुगारात मोडतात, सबब बंधनकारक नाहीत, असा पवित्रा. त्याच वर्षी मुंबईत पैजांविरुद्धचा कायदाही झाला होता. दिवाळखोरीची प्रकरणं इतकी तुंबली की ती निपटायला १८६५ चा २८ वा म्हणून वेगळा कायदा करावा लागला. बॅक बेचा शेअर दोन हजारांच्याही खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर ८७ रुपयांवर आला आणि बँकेचं जवळजवळ सगळं भांडवल बुडालं. १८६८ मध्ये ती बंद झाली, नवी बँक ऑफ बॉम्बे उभी राहिली, सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला.

बुडालेल्यांत सट्टेबाजच होते असं समजू नका. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी आयुष्याची कमाई यात घालवली. महारोगावर औषध शोधणारा, शिलालेख वाचणारा, गरिबांना फुकट तपासणारा माणूस. एवढा चिकित्सक! मला या सगळ्या कहाणीत सर्वात जास्त चटका लावून जातात ते भाऊ दाजी. ताम्रपटावरची अक्षरं घासून गेलेली असली तरी जो माणूस पुरावा मागितल्याशिवाय वर्ष ठरवत नसे, त्याने समुद्राच्या जमिनीला पुरावा मागितला नाही. जमशेटजी टाटा त्या वेळी लंडनमध्ये होते, हातातल्या हुंड्या एका झटक्यात कवडीमोल. ते आणि त्यांचे वडील सावरले, पण सगळेच सावरले नाहीत.

आणि ज्यांच्याकडे शेअर नव्हते त्यांचं काय? १८६४ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ होती. १८७२ मध्ये ६,४४,४०५. पावणेदोन लाख माणसं कमी! भराव घालायला, गोदीत ओझी वाहायला, घरं बांधायला कोकणातून-देशावरून आलेली. काम थांबलं आणि बोचकी उचलून ती परत गेली. यांची नावं दिवाळखोरांच्या यादीत कुठेही सापडायची नाहीत.

प्रेमचंदने मात्र तेजीतच मुंबई विद्यापीठाला चार लाख देऊन ठेवले होते, ग्रंथालय आणि मनोऱ्यासाठी. आईच्या नावाचा तो राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. पूर्वी टाउन हॉलसमोरच्या वडाखाली सौदे करणारे दलाल १८७४ मध्ये आजच्या दलाल स्ट्रीटवर आले आणि ९ जुलै १८७५ ला त्यांची रीतसर संघटना झाली. ३१८ सभासद, प्रवेश फी एक रुपया. तेच आपलं बीएसई. टाइम बार्गेनचा एक वंशज 'बदला' या नावाने तिथे २००१ पर्यंत नांदला.

बॅक बेच्या चिखलाचं पुढे काय झालं? रेल्वेचा पट्टा झाला, चर्चगेट स्टेशन १८७० मध्ये आलं. उरलेला समुद्र समुद्रच राहिला. १९२० च्या दशकात सरकारनेच पुन्हा भराव हाती घेतला, खर्च हाताबाहेर गेला, आणि वीर नरिमन यांनी त्यातली अंदाधुंदी चव्हाट्यावर आणली. मग खटला, तोही ते जिंकले. म्हणजे एकाच खाडीने साठ वर्षांच्या अंतराने दोनदा मुंबईला नागवलं.

हे सगळं मी आत्ता उकरून काढायला एक कारण घडलंय. आमच्या मामाची थोडी शेती भिवंडी तालुक्यात रस्त्यात गेली. इकडे गेल्या काही वर्षांत काय काय आलं तुम्हाला ठाऊकच आहे: समृद्धी आमण्याला येऊन टेकला (जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पा सुरू झाला), मुंबई-वडोदरा, बुलेट ट्रेन, आणि २०१७ च्या जीएसटीनंतर तर गोदामांचं रानच माजलं. मानकोली, पूर्णा, काल्हेरला जा, जिथे भात लावायचे तिथे ट्रक उलटे घेतायत. मामाला मोबदला मिळाला. आणि गावात एका छोट्या प्रॉपर्टी कंपनीच्या शेअरची हवा आहे. 'भिवंडीजवळ लँड बँक आहे' एवढं वाक्य पुरतं. रोज पाच टक्क्यांचं अप्पर सर्किट, विकणारा कुणी नाही. मामाने मला विचारलं, कारण मी 'कॉम्प्युटरमधला'. मोबदला परत जमिनीतच गेला पाहिजे असं त्याचं म्हणणं, आणि खरी जमीन आता परवडत नाही, मग शेअर तरी. यात मला हसण्यासारखं काही वाटत नाही. ज्याची जमीन गेली त्याला जमिनीचा तुकडा कागदावर का होईना हवासा वाटणारच.

मी त्याला बॅक बे सांगितलं. तो म्हणाला, "अरे, ते इंग्रजांच्या वेळचं. आता सेबी आहे."

आहे. पण २०१९ सालही आहे. एचडीआयएल ही वसई-विरारपासून विमानतळाच्या झोपडपट्टी पुनर्वसनापर्यंत पसरलेली जमीनवाली कंपनी. २००७ मध्ये ५०० रुपयांनी शेअर विक्रीला आला, जानेवारी २००८ पर्यंत दुपटीच्या वर. नंतर घसरत घसरत काही रुपयांवर, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये दिवाळखोरी न्यायालयात. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि उघड झालं की बँकेच्या साधारण ८,८०० कोटींच्या कर्जांपैकी ६,५०० कोटींच्या आसपास या एकाच गटाकडे अडकलेत. सत्तर टक्क्यांहून जास्त! ज्यांनी आयुष्यात एकही शेअर घेतला नाही असे ठेवीदार बँकेच्या दारात उभे होते आणि सुरुवातीला हातात मिळत होते हजार रुपये. १८६५ ची तीच तीन मजली इमारत, फक्त तळमजल्यावर पेन्शनर राहायला आलेले.

हे ऐकल्यावर मामा गप्प झाला. मग त्याने जो प्रश्न विचारला तो मला १८६४ च्या कुठल्याही कागदात सापडला नाही. म्हणाला, "या कंपनीच्या जमिनीचा सातबारा कुठं बघायला मिळंल?"

खरंच की! भिवंडीत माणूस अर्धा गुंठा घ्यायचा तरी सातबारा, फेरफार, शेजारच्याची हद्द, रस्ता आहे की नाही, सगळं बघून येतो. तलाठ्याकडे चार खेपा घालतो. कंपनीचा शेअर घेताना मात्र तोच माणूस मोबाइलवर हिरवा आकडा बघतो.

आम्ही दोघं बसलो. कंपनीच्या वार्षिक अहवालात मागच्या पानांवर, बारीक अक्षरात, गावाचं नाव आणि तीन गट नंबर होते. राज्य सरकारच्या भूलेख साइटवर दोन सापडले. एका सातबाऱ्यावर कंपनीचं नावच नव्हतं, जुन्या शेतकऱ्याच्या सहा वारसांची नावं होती. अहवालात नीट बघितलं तर तिथे 'विकसन करार' असा शब्द होता, मालकी असा नव्हता. दुसऱ्यावर कंपनीचं नाव होतं, आणि इतर अधिकाराच्या रकान्यात एका बँकेचा बोजा. बोज्याची रक्कम मामाने दोनदा मोठ्याने वाचली. तिसऱ्या गट नंबरासाठी तो सोमवारी तलाठी कार्यालयात जाणार आहे.